नाद आणि पुरुषत्व : शंकरपट, ‘नटरंग’ आणि ‘वाडा चिरेबंदी’ यांच्या संदर्भात

प्रास्ताविक :

मराठी समीक्षेत स्त्रीप्रतिमांचा अभ्यास विपुल प्रमाणात झालेला आहे. स्त्रीची घडण कोणत्या संस्कारांतून होते, तिच्यावर कोणती बंधने येतात, साहित्यात ती कशी रंगवली जाते, याचा विचार गेली काही दशके सातत्याने होत आला. त्या मानाने पुरुषाची घडण हा विषय उपेक्षित राहिला. पुरुष हा माणसाचा सर्वसाधारण नमुना आणि स्त्री हा त्यातला वेगळा विचार करण्याजोगा प्रकार, अशी एक न बोललेली समजूत यामागे असावी. वास्तविक या चिकित्सेचा आरंभ वऱ्हाडातच झालेला आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. एकाच वर्तनाला स्त्रीसाठी एक आणि पुरुषासाठी दुसरे माप का, हा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. तो आजही जुना झालेला नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा एक मर्यादित भाग विचारासाठी घेतला आहे. पुरुष एखाद्या गोष्टीला वाहून घेतो, तिच्यासाठी वेळ, पैसा आणि शरीर खर्च करतो, तिच्यावाचून त्याला चैन पडत नाही. या नादाचा आणि पुरुषत्वाच्या कल्पनेचा परस्परसंबंध काय, हे येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी तीन प्रकारची सामग्री घेतली आहे : यवतमाळ जिल्ह्यात आणि एकूण विदर्भात जोपासला गेलेला शंकरपट, आनंद यादव यांची ‘नटरंग’ (१९७८) ही कादंबरी, आणि यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे जन्मलेले नाटककार महेश एलकुंचवार यांचे १९८५ साली रंगभूमीवर आलेले ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक. यांतील पहिली एक जिवंत लोकरूढी आहे, दुसरी कृती कागलच्या मातीतली आहे आणि तिसरी वऱ्हाडातील देशपांड्यांच्या वाड्यातली. तिन्ही एकत्र घेण्याचे कारण असे, की तिन्हींत पुरुषाची पत चारचौघांत ठरते आणि तिचा हिशेब घरात चुकता होतो. नादातील निष्ठा कितीही मोठी असली तरी केवळ तिच्या बळावर पुरुषाला पुरुषपण मिळत नाही. नादाचा विषय कोणता, तो कोणासमोर मांडला जातो आणि त्याचा खर्च कोण सोसतो, यावर ते अवलंबून असते. या विधानाची तपासणी पुढे केली आहे.

छंद, शौक आणि नाद :

इंग्रजीतील एका शब्दासाठी मराठीत किमान तीन शब्द प्रचारात आहेत आणि तिघांची वजने वेगळी आहेत. ‘छंद’ हा शाळेतील निबंधाचा शब्द. टपाल तिकिटे जमवणे, बागकाम, वाचन यांना तो शोभतो. त्यात मर्यादा आणि सुसंस्कृतपणा गृहीत आहे. ‘शौक’ हा ऐपतीचा शब्द. शौकीन माणूस खर्च करतो आणि तो खर्च दिसावा अशीही त्याची इच्छा असते. ‘नाद’ मात्र या दोघांहून खोल आहे. छंद माणूस लावून घेतो. नाद त्याला लागतो. तो सुटत नाही, सोडवतो म्हटल्याने वाढतो. नादिष्ट, नादखुळा, नादावलेला या शब्दांत थोडी कीव, थोडा दोष आणि बरेचसे कौतुक मिसळलेले आहे.

या शब्दांचा स्त्रीसंदर्भातील वापर पाहिला म्हणजे त्यांची लिंगभेदी बाजू उघड होते. पुरुष ‘बाईच्या नादी लागतो’. तेथे बाई ही नादाची वस्तू असते. एखाद्या स्त्रीला नाद आहे असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम संशय येतो. स्त्रीसाठी मराठीने ‘हौस’ आणि ‘आवड’ हे शब्द राखून ठेवले आहेत. तिने हौसेने रांगोळी काढावी, हौसेने पदार्थ करावेत, आवडीने विणकाम करावे. या हौसेची फलश्रुती घराला मिळते आणि तिच्यासाठी घराचा वेळ मोडावा लागत नाही. घराचा वेळ आणि पैसा मोडून ज्याचा पाठपुरावा करता येतो तो नाद होय, आणि तसा तो मोडण्याचा अधिकार परंपरेने पुरुषाला दिलेला आहे.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ साली एक उपयुक्त संकल्पना मांडली. फुरसतीच्या वेळात केलेली प्रत्येक गोष्ट केवळ विरंगुळा नसते. काही माणसे चिकाटीने, विशेष ज्ञान आणि कौशल्य मिळवून, अडचणी सोसून एखाद्या आवडीचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करतात आणि त्यातून त्यांना स्वतःची ओळख मिळते. अशा निष्ठापूर्वक जोपासलेल्या फुरसतीला स्टेबिन्स यांनी वेगळे स्थान दिले. मराठीतील नादाचे बरेचसे वर्णन या संकल्पनेत बसते. परंतु ती फुरसत त्या माणसाला कोणी मिळवून दिली, हा प्रश्न तिच्यात पुरेसा येत नाही. शेतकरी कुटुंबाच्या बाबतीत तर तो टाळता येत नाही. निंदण, वेचणी, चूल, पाणी आणि लेकरे ज्या हातांत आहेत, त्या हातांना फुरसत कधी मिळते हे पाहिल्याशिवाय पुरुषाच्या फुरसतीचा अर्थ लागत नाही.

शंकरपट : मर्दपणाचे मैदान आणि ममतेची जागा :

विदर्भात बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. खरिपाची कामे उरकली, की हिवाळ्यात गावोगावी पट भरतात. यवतमाळ जिल्ह्यातील शौकिनांचा ओढा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरसारख्या नावाजलेल्या पटांकडेही असतो. सरळ धावपट्टीवर हलक्या गाडीला जुंपलेली जोडी सुटते आणि काही सेकंदांत सारे संपते. एवढ्या सेकंदांसाठी वर्षभराची तयारी असते. चांगल्या जोडीचा भाव लाखांच्या घरात जातो. पुकारा होतो तो मालकाच्या आणि गावाच्या नावाचा. जोडी हाकणारा धुरकरी जीव धोक्यात घालतो. त्याला वाहवा मिळते. दावणीवर बैलाची निगा राखणारा सालदार पुष्कळदा गर्दीतच राहतो. म्हणजे एकाच शर्यतीत पुरुषत्वाच्या तीन पायऱ्या दिसतात : मालकाची पत, धुरकऱ्याचे धाडस आणि सालदाराची चाकरी. आर. डब्ल्यू. कॉनेल यांनी पुरुषत्व हे एकसंध नसून त्यात वर्चस्वाची उतरंड असते असे प्रतिपादन केले आहे. आदर्श पुरुषत्व थोड्यांच्याच वाट्याला येते, पण त्याला दाद देऊन इतर पुरुषही त्याच्या लाभात सहभागी होतात. पटाच्या दोरीबाहेर उभी असलेली गर्दी ही अशा सहभागाचे उदाहरण आहे.

क्लिफर्ड गीर्ट्झ या मानवशास्त्रज्ञाने बाली बेटावरील कोंबड्यांच्या झुंजींवर १९७२ साली लिहिलेला निबंध या ठिकाणी आठवतो. झुंजीत पैशापेक्षा प्रतिष्ठा पणाला लागते आणि कोंबडा हा मालकाचेच रूप असतो, हे त्यांनी दाखवले. त्याच निबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. झुंज जिंकल्याने किंवा हरल्याने कोणाची सामाजिक पायरी प्रत्यक्षात बदलत नाही. शंकरपटाबाबतही असेच म्हणता येईल. जोडी पहिली आली म्हणून कोरडवाहू शेताला पाणी मिळत नाही, कापसाचा भाव वाढत नाही, बँकेचे कर्ज फिटत नाही. आपण कोणीतरी आहोत हे मात्र त्या दिवसापुरते दहा गावांसमोर सिद्ध होते. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव ठरवता येत नाही, पाऊस हाती नसतो, बियाण्याचे तंत्र दुसऱ्याचे असते, तेथे स्वतःच्या निवडीने आणि कसबाने जिंकता येणारी जागा म्हणून पटाचे महत्त्व समजून घ्यावे लागते. त्याला निव्वळ उधळपट्टी म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल.

या नादाची आणखी एक बाजू सहसा ध्यानात घेतली जात नाही. पटाच्या बैलाची निगा हे अत्यंत कोमल काम आहे. त्याचे अंग चोळणे, पाय शेकणे, खुराक वेळेवर देणे, तो आजारी पडला तर रात्र जागून काढणे, त्याच्याशी बोलणे ही सारी कामे एरवी मराठी घरात आईच्या वाट्याची मानली जातात. स्वतःच्या तान्ह्या मुलाला अंघोळ घालताना संकोचणारा पुरुष बैलाला मात्र चारचौघांत तासभर घासतो, आणि कोणी त्याला हसत नाही. उलट त्याच्या जिव्हाळ्याचे कौतुक होते. ममता व्यक्त करण्याची मुभा पुरुषाला येथे मिळते, कारण त्या ममतेचे फळ वेग आणि विजय हे आहे. बैल हा मर्दपणाचे प्रतीक झाला ही गोष्टही विचार करण्याजोगी आहे. पटात धावणारा प्रत्येक बैल खच्ची केलेला असतो असे नाही. पण बैल या शब्दाचा शेतीतील अर्थ मुळात खच्ची करून कामाला लावलेला गोऱ्हा असाच आहे. पौरुषाचा अभिमान ज्या जनावराच्या आधाराने मिरवला जातो, त्याचे पौरुष माणसाने आधीच काढून घेतलेले असते.

हा संस्कार लहानपणापासून होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. लाकडी बैल सजवून मुले घरोघर जातात आणि बोजारा घेतात. पोळ्याच्या तोरणाखाली पुरुषांच्या तोंडून झडत्या ऐकू येतात. बैलाला सजवणे आणि चारचौघांत मिरवणे हे मूल अक्षरओळखीच्या वयातच शिकते. पुढे मोठेपणी पटाचा नाद लागतो तेव्हा जमीन आधीच नांगरलेली असते.

बंदीच्या काळातील वाद आणि त्यातील मौन :

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती यांना मनाई करणारा निर्णय दिला. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. तथापि उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. चाबूक, काठी, विजेचा धक्का यांचा वापर नियमांनी वर्ज्य केला.

या वर्षांतील वादाची भाषा तपासण्याजोगी आहे. विरोधकांनी जनावराच्या वेदनेचा मुद्दा मांडला. समर्थकांनी परंपरा, देशी गोवंश आणि शेतकऱ्याची अस्मिता यांचा दाखला दिला. बैलांना आम्ही लेकरांसारखे सांभाळतो, हे समर्थकांच्या तोंडी वारंवार येणारे वाक्य होते. एका बाजूला बैलाचे शरीर होते, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचा अभिमान. ज्या घरात तो बैल पोसला जातो त्या घरातील स्त्रीचे मत काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या मांडणीत जवळजवळ आलाच नाही. शेतकऱ्याची अस्मिता म्हणताना शेतकरी म्हणजे पुरुष हे गृहीतच धरले गेले. अलीकडे काही पटांत महिलांसाठी वेगळी फेरी ठेवली जाते आणि स्त्रिया जोडी हाकतात. ही घटना स्वागतार्ह आहे. परंतु ती मुख्य स्पर्धेबाहेरचे आकर्षण म्हणून ठेवली जाते तोपर्यंत स्त्रीला नाद असू शकतो हे समाजाने मान्य केले, असे म्हणता येणार नाही.

पटाकडून रंगमंचाकडे : ‘नटरंग’ :

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडी रूढ आहे. पटासाठी आलेले पाहुणे रात्री मंडपात बसतात. विदर्भातील खडी गंमत आणि दंडार या लोकप्रकारांत स्त्रीची भूमिका पुरुषानेच करण्याची परंपरा आहे. म्हणजे दुपारी ज्या गर्दीने पुरुषाच्या धाडसाला दाद दिली, तीच गर्दी रात्री लुगडे नेसलेल्या पुरुषाला पाहते. या दोन प्रसंगी तिची नजर सारखी असते काय? या प्रश्नाचे मराठीतील सर्वांत समर्थ वाङ्मयीन उत्तर पश्चिम महाराष्ट्रातील तमाशावर आधारलेल्या ‘नटरंग’ने दिले आहे.

कादंबरीचा नायक गुणा हा कागलकडचा शेतमजूर आहे. शरीर कमावलेले, मेहनती आणि तमाशाच्या नादाने झपाटलेला. त्याला स्वतःचा फड उभा करायचा आहे आणि त्यात राजाची भूमिका करायची आहे. फड उभा करताना नाच्याची गरज पडते. कोणीही पुरुष ते काम पत्करायला तयार होत नाही. अखेर ज्याला राजा व्हायचे होते तोच नाच्या होतो. येथवर गुणाच्या निष्ठेत काहीही फरक पडलेला नाही. उलट ती वाढलेली आहे. कारण कलेसाठी त्याने आपल्या स्वप्नातील भूमिकेचा त्याग केला आहे. तालमीत अंग कमावण्यासाठी जितकी चिकाटी लागते तितकीच कमावलेले अंग उतरवून लचक आणण्यासाठी लागते. समाजाचे माप मात्र पूर्ण बदलते. ज्याच्या शरीराचा गावाला अभिमान होता, त्याच शरीराची टिंगल होते. घरच्यांना लाज वाटते. कथानकाच्या उत्तरार्धात त्याच्यावर होणारा लैंगिक अत्याचार हा या बदललेल्या नजरेचाच शेवटचा टोकाचा आविष्कार आहे. पुरुषत्वाच्या पायरीवरून जो उतरला त्याच्या शरीरावर कोणाचाही हक्क चालतो, असा त्याचा अर्थ होतो.

जोसेफ ऑल्टर यांनी भारतीय पहिलवानांवरील १९९२ च्या ग्रंथात कुस्तीला एक नैतिक जीवनपद्धती म्हणून पाहिले आहे. पहिलवानाचे शरीर हे त्याच्या संयमाचे, शिस्तीचे दृश्य रूप असते. गुणाच्या शोकांतिकेचे मूळ येथे सापडते. नाच्या होताना त्याने केवळ हावभाव बदललेले नाहीत. शरीरावर लिहिलेली नैतिक ग्वाहीच पुसून टाकली, असे गावाला वाटते. प्रत्यक्षात त्याचा संयम आणि शिस्त कायम आहे. पण ती ओळखण्याची भाषा गावापाशी नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. मराठी रंगभूमीने स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाला उदंड प्रेम दिले आहे. बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या शालीनतेचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. मग गुणाचीच अवहेलना का? याचे उत्तर दोन अंगांनी देता येते. बालगंधर्व रंगमंचावर स्त्री उभी करीत. प्रेक्षकाला तेथे पुरुष दिसतच नसे. नाच्या स्त्री उभी करीत नाही. तो पुरुष असूनही पुरुषासारखा न वागणारा माणूस उभा करतो, आणि पुरुषी समाजाला खरी भीती त्याचीच असते. स्त्रीचे सुंदर रूप त्याला चालते, पुरुषत्वाची ढिली झालेली सीमारेषा चालत नाही. दुसरे अंग वर्गाचे आणि जातीचे आहे. संगीत नाटकाचा प्रेक्षक मध्यमवर्गीय, त्याची कला अभिजात. तमाशाचा कलावंत कष्टकरी, त्याची कला हलकी समजली गेलेली. सारखीच साधना एका ठिकाणी मान मिळवते आणि दुसऱ्या ठिकाणी हेटाळणी. नादाच्या खर्चाची बाजूही विसरता येत नाही. वैभवशाली नाट्यप्रयोगांच्या ध्यासापायी गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली, हा इतिहास आहे. मात्र त्या कर्जाची कथा आपण कलेसाठी केलेला त्याग म्हणून सांगतो. शेतमजुराच्या कर्जाला असे भाग्य लाभत नाही.

रवी जाधव यांनी याच कादंबरीवर केलेला चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. अतुल कुलकर्णी यांनी गुणाच्या भूमिकेसाठी शरीर आधी कमावले आणि मग उतरवले, याची प्रेक्षकांत मोठी चर्चा झाली. ही चर्चा बोलकी होती. नटाच्या या शारीरिक कष्टाला प्रेक्षकांनी मर्दानी पराक्रम म्हणून दाद दिली. गुणाच्या त्याच कष्टाला गावाने दिली नव्हती. चित्रपटाने शेवटी गुणाला जाहीर सन्मान मिळवून दिला. प्रेक्षकाला त्यातून समाधान मिळते, पण कथेतील प्रश्नाची धार थोडी बोथट होते. टाळ्या मिळाल्या म्हणजे नाद सार्थकी लागला, हा निष्कर्ष पुन्हा गर्दीलाच न्यायाधीश करतो. शिवाय गुणाच्या पत्नीने जे सोसले त्याची भरपाई व्यासपीठावरील सन्मानातून होते काय, हे अनुत्तरितच राहते. कुटुंब सोडून कलेकडे गेलेल्या पुरुषाची शोकांतिका आपण गुणाच्या बाजूने पाहतो. घरात मागे राहिलेल्या बाईच्या बाजूने ती पाहिली तर कथा वेगळी दिसते. ताराबाईंचे माप येथे लावून पाहावे. हीच वाट एखाद्या विवाहितेने कलेपायी धरली असती, तर गावाने तिच्या नावाने कोणता शब्द वापरला असता?

नाद नसलेला पुरुष : ‘वाडा चिरेबंदी’तील चंदू :

पट आणि तमाशा येथे पुरुष काहीतरी करून दाखवतो. ‘वाडा चिरेबंदी’त मात्र काहीही न करता मिरवण्याचा नाद दिसतो. धरणगावकर देशपांड्यांच्या पडक्या वाड्यात तात्याजींचे निधन झाले आहे. तेरवीचे जेवण घराण्याच्या इतमामाला साजेसे झाले पाहिजे, हा थोरला भास्कर याचा आग्रह आहे. पैसा नाही, जमीन हातची गेली, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे. तरी गावजेवण झालेच पाहिजे. हा अर्थातच छंद नव्हे. परंतु त्याची रचना नादाचीच आहे : चारचौघांसमोर पत सिद्ध करण्याचा अनावर ओढा, आणि तिच्यासाठी घर मोडण्याची तयारी. तो खर्च वाड्याचा भाग विकण्यापर्यंत जातो. शिकण्याची इच्छा मारून बसलेली प्रभा, मुकाट राबणारी वहिनी, सोने घेऊन मास्तरबरोबर पळून जाणारी रंजू या तीन स्त्रियांच्या आयुष्यांत वाड्याच्या प्रतिष्ठेची खरी किंमत दिसते.

या पार्श्वभूमीवर धाकटा चंदू लक्षणीय ठरतो. तो पाणी आणतो, म्हाताऱ्या दादीचे करतो, पडेल ते काम करतो. पायाची जखम चिघळली तरी तक्रार करीत नाही. त्याला नाद नाही, मिरवणे नाही, स्वतःचा संसारही नाही. घरातील सर्वांत उपयोगी पुरुष तोच आहे, आणि घर चालवण्याच्या निर्णयात तो कोणाच्याही खिजगणतीत नाही. जी सेवा पटाच्या बैलाला दिल्यावर कौतुकाला पात्र ठरते, ती आजीला दिल्यावर पुरुषाला अदृश्य करते. चंदूच्या व्यक्तिरेखेची समीक्षेने बहुधा दुबळा, दबलेला तरुण म्हणून बोळवण केली आहे. नाद आणि पुरुषत्व यांच्या संदर्भात मात्र तो नाटकातील मध्यवर्ती प्रश्न विचारतो. सेवा, निगा आणि जिव्हाळा हे गुण पुरुषाचे म्हणून मोजले जाण्यासाठी त्यांना गर्दीची साक्ष लागतेच काय?

खर्चाचा प्रश्न आणि दोषाचे राजकारण :

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात हा विचार करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाण येथील साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुलांसह पवनारजवळ जीवनयात्रा संपवली. त्यानंतरच्या दशकांत शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा ही ओळख यवतमाळला चिकटली. २००६ साली पंतप्रधानांनी यवतमाळसह पश्चिम विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. या काळात शेतकऱ्याच्या मृत्यूची कारणे शोधताना व्यसन, लग्नातील उधळपट्टी आणि शौक यांकडे बोट दाखवण्याची सोयीस्कर पद्धतही रूढ झाली. शौक नडला, एवढे म्हटले की सिंचन, पतपुरवठा आणि बाजारभाव यांचे प्रश्न बाजूला पडतात. प्रस्तुत विवेचनाचा तसा उपयोग होऊ नये. नाद हे अरिष्टाचे कारण नाही. अरिष्टात सापडलेल्या पुरुषाला स्वतःचे मोल जाणवून देणारी ती एक जागा आहे.

मात्र ही सहानुभूती अर्धवट राहता कामा नये. कर्तेपण हेच पुरुषाचे एकमेव मोजमाप ठरले, म्हणजे ते हातून निसटताच त्याच्यापाशी दोनच वाटा उरतात : दुसऱ्या मैदानात पत मिळवणे किंवा स्वतःला निरुपयोगी समजणे. दोन्ही वाटांचे ओझे शेवटी स्त्रीवर येते. पुरुषाच्या मागे घर, शेत आणि कर्ज तीच चालवते. पण तिच्या या चिकाटीला कोणी नाद म्हणत नाही आणि कर्तेपणही म्हणत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. आत्महत्याग्रस्त कुटुंबातील या शेतकरी स्त्रीने श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाट्यकृतीत काम केलेले होते. तीत अशाच एकल स्त्रिया स्वतःच्या वाट्याला आलेले जगणे रंगमंचावर मांडतात. ‘वाडा चिरेबंदी’तील तेरवी आणि हे ‘तेरवं’ यांची तुलना उद्बोधक आहे. एलकुंचवारांच्या नाटकात मृताची प्रतिष्ठा राखण्यासाठी पुरुष खर्च ठरवतात आणि स्त्रिया तो सोसतात. ‘तेरवं’मध्ये तोच तेराव्या दिवसानंतरचा हिशेब सोसणाऱ्या स्त्रिया स्वतः वाचून दाखवतात. गर्दी त्यांच्याही समोर आहे. परंतु येथे पत सिद्ध करायची नसून गर्दीला ऐकायला लावायचे आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. नाद ही पुरुषाची खाजगी आवड नसून ती एक सामाजिक रचना आहे. शंकरपटाचा मालक, तमाशातला गुणा आणि वाड्यातला भास्कर यांच्यात स्वभावाचे अंतर कितीही असले, तरी तिघांचे पुरुषपण इतर पुरुषांच्या नजरेत ठरते. निष्ठा सारखी असूनही पटाला मान आणि नाच्याच्या कलेला अवहेलना मिळते. यावरून समाज निष्ठेचे मोल करीत नाही, निष्ठेच्या विषयाला पुरुषी की बायकी हा शिक्का आधी मारतो, हे दिसून येते. तसेच नादात पुरुषाला ममता, निगा आणि हळवेपण यांचा अनुभव घेता येतो. ही त्याची मोलाची बाजू आहे. बैलाचे पाय शेकणारा हात मुळात कठोर नाही. तोच हात घरात वळत नाही, कारण घरात पाहायला गर्दी नसते. अशा हाताला घरातही मान मिळाला असता तर वाड्यातल्या चंदूला कोपऱ्यात राहावे लागले नसते.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात पट पुन्हा भरू लागले आहेत आणि नवी पिढी त्यांत उतरत आहे. या उत्साहाला नाके मुरडण्याचे कारण नाही. पटाच्या संध्याकाळी जोडी घरी येते तेव्हा दारात दिवसभराचा दुसरा हिशेब उभा असतो. साहित्याच्या अभ्यासकाने तो हिशेबही वाचला पाहिजे, इतकीच या लेखाची मागणी आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली एकच माप मागितले होते. पुरुषाच्या नादाला आणि स्त्रीच्या श्रमाला ते लावून पाहण्याचे काम मराठी समीक्षेपुढे अद्याप शिल्लक आहे.